मोडीचे रुमाल आणि न उघडणाऱ्या फायली

१/१२
२०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रात ठिकठिकाणी प्रशासनाला मोडी लिपीच्या जाणकारांची गरज भासली. कागद दप्तरात सुरक्षित होते; वाचणारे मोजकेच उरले होते. मोडीला या अवस्थेपर्यंत येण्यास काही दशके लागली. आपल्या संगणकावरील मराठी फायलींना वीस वर्षेही पुरली. ते कसे घडले, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/१२
नवी ऑपरेटिंग सिस्टिम घातलेल्या संगणकावर १९९८ चे एखादे पत्र उघडावे. समास, परिच्छेद, तक्ते जागच्या जागी असतात. मजकुराच्या ठिकाणी मात्र रोमन अक्षरांची अर्थहीन रांग. 'कृतिदेव' फॉन्टमध्ये लिहिलेला 'मराठी' हा शब्द तो फॉन्ट नसेल तर 'ई, जे, के, बी, एच' असा दिसतो. फाइल बिघडली असे समजून माणसे ती पुसून टाकतात. वास्तविक तिच्यातील एकही अक्षर हरवलेले नसते.

३/१२
संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. कोणत्या क्रमांकाचे कोणते अक्षर, हे सांगणारी सारणी म्हणजे संकेतप्रणाली. फाइल ही कुलूपबंद पेटी मानली, तर सारणी ही तिची किल्ली. आपल्याकडे पेट्या जपल्या गेल्या; किल्ल्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

४/१२
विशेष म्हणजे भारतीय लिपींसाठी एक शास्त्रशुद्ध सारणी तेव्हा उपलब्ध होती. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूर येथे 'जिस्ट' तंत्रज्ञान विकसित झाले आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. जिस्ट कार्ड बसवले की डॉसवरील संगणकावर देवनागरी उमटे. 'इस्की' या संकेतप्रणालीला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला (आयएस १३१९४). तिच्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जात: 'लि' म्हणजे आधी 'ल', मग ऱ्हस्व वेलांटी.

५/१२
मग विंडोज आले. नव्वदच्या दशकातील विंडोजला देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येत नसत. फॉन्ट बनवणाऱ्यांनी यावर तोडगा काढला: रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरी आकार बसवायचे. यंत्राच्या लेखी मजकूर रोमनच राहिला; डोळ्यांना तेवढा मराठी दिसू लागला. कृतिदेवने टंकलेखन यंत्राची मांडणी स्वीकारली, त्यामुळे तेथे 'लि' लिहिताना आधी वेलांटी साठते आणि मग 'ल'.

६/१२
श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचा 'सुरेख', कृतिदेव: प्रत्येकाची सारणी निराळी. एका कार्यालयाची फाइल दुसऱ्याला वाचता येईना. तरीही त्या पिढीला दोष देताना जपून द्यावा. तेव्हा दस्तऐवज म्हणजे सही-शिक्क्याचा कागद, आणि फाइल म्हणजे तो छापण्याचे साधन. पत्र छापून रवाना झाले की काम संपले. ही फाइलच पुढे एकमेव प्रत ठरू शकते, हा विचार तेव्हा फारसा कोणी केला नव्हता.

७/१२
१९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. विंडोज २००० मध्ये 'मंगल' फॉन्टसह युनिकोड देवनागरी आली. २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले. नव्या लेखनाचा प्रश्न सुटला. जुन्याचा तसाच राहिला.

८/१२
८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा आधार संपला आणि जुनी यंत्रे बदलण्याचा वेग वाढला. ६४-बिट विंडोजवर डॉसकाळातील १६-बिट कार्यक्रम चालत नाहीत. काही मराठी सॉफ्टवेअरला संगणकाच्या मागे लावायचे हार्डवेअर लॉक लागे. नव्या यंत्रावर ते लावायला जुना पोर्टच नव्हता. फायली पेन ड्राइव्हवर उतरवल्या गेल्या, फॉन्ट मात्र जुन्या यंत्राबरोबर भंगारात गेले.

९/१२
आता मोडीकडे वळू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तरी दप्तर टिकले, कारण जमिनी आणि इनामांचे हक्क त्याच कागदांवर अवलंबून होते. १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनने हेच कागद तपासले. १९३० च्या दशकात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. हे शक्य झाले, कारण मोडी सहज वाचणारी पिढी तेव्हा हयात होती. तेच काम आज हाती घ्यायचे तर आधी वाचक घडवावे लागतील.

१०/१२
फायलींच्या बाबतीत आपण अजून त्या सोयीच्या काळात आहोत. मोडीत प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. फॉन्टची सारणी मात्र ठरलेली असते. म्हणून फॉन्ट कोणता हे कळले, की परिवर्तक सॉफ्टवेअर मजकूर युनिकोडमध्ये आणते. वर्डच्या फाइलमध्ये फॉन्टचे नाव नोंदलेले असते, रुमालावरच्या चिठ्ठीसारखे. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवला की ती चिठ्ठी गळून पडते.

११/१२
म्हणून क्रम असा असावा. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत घ्यावी. फॉन्टचे नाव लिहून ठेवावे आणि शक्य असल्यास फॉन्टची फाइलही सोबत जपावी. मग प्रतीचे परिवर्तन करून वेलांट्या, रफार, जोडाक्षरे आणि आकडे छापील कागदाशी ताडून पाहावेत. आकड्यातील एक चूक सातबाऱ्यात किंवा हिशेबात केवढी महाग पडेल, हे सांगायला नको.

१२/१२
उद्याचा अभ्यासक नव्वदच्या दशकातील महाराष्ट्राचा इतिहास लिहील, तेव्हा सहकारी संस्थांची इतिवृत्ते, साहित्य मंडळांच्या स्मरणिका, छोट्या प्रकाशकांची पुस्तके ही त्याची साधने असतील. त्यांतली बरीचशी अशाच फायलींत आहेत. एक्सपी निवृत्त झाले त्याच २०१४ साली, जूनमध्ये, युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले. तीनशे वर्षांपूर्वीची लिपी संगणकात सुरक्षित झाली. वीस वर्षांपूर्वीचे पत्र अजून बाहेर उभे आहे. आपल्या घरी किंवा संस्थेत जुनी हार्ड डिस्क असेल, तर ती टाकण्यापूर्वी तिच्यातले फॉन्ट एकदा पाहा.