‘मला भूक लागली’: कर्ता कोण?

चिखलोली हे अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधले गाव. जवळच उल्हासनगर, १९४७च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेले. त्यामुळे या पट्ट्यात मराठी, हिंदी, सिंधी शेजारीशेजारी ऐकू येतात. ‘मला भूक लागली’, ‘मुझे भूख लगी’, ‘मूंखे बुख लगी’. तिन्ही भाषांत भूक ‘मला’ लागते. इंग्रजीत मात्र ‘मी भुकेला आहे’ अशी रचना असते. मग आपल्या वाक्यात कर्ता कोण?

शाळेत आपण शिकवतो की धातूला ‘-णारा’ लावून प्रश्न विचारावा. लागणारी कोण? भूक. म्हणून भूक हा कर्ता. एखाद्या मुलीने ‘मला’ असे उत्तर दिले, तर तिचा गुण जातो. हा नियम आला कुठून?

त्याची मुळे दोन परंपरांत आहेत. पाणिनीने ‘रुचणे’ या अर्थाच्या धातूंसाठी वेगळा नियम केला. ज्याला रुचते ते संप्रदान, रुचणारी वस्तू कर्ता. दुसरी परंपरा युरोपची. तर्कशास्त्राप्रमाणे प्रत्येक विधानाला उद्देश्य आणि विधेय हवेच, हा विचार तिथल्या व्याकरणात मुरलेला होता. फादर स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण १६४० साली रायतूर येथे छापले गेले, विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. त्यांची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती, संज्ञा बहुतांशी संस्कृत.

पण मराठी या साच्यात पुरती बसेना. ‘उजाडले’, ‘मला मळमळते’ यांत कर्ता शोधायचा कुठे? व्याकरणकारांनी तोडगा काढला: क्रियेचा भाव हाच कर्ता, म्हणून ‘भावकर्तरी प्रयोग’. इंग्रजीने अशाच अडचणीत ‘इट’ हा नाममात्र कर्ता उभा केला. पुढे मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात आधीच्या व्याकरणकारांची मते तपासून घेतली.

आता एक पडताळा पाहू. ‘सुमनने मीनाला स्वतःची वही दिली.’ वही सुमनची. ‘मीनाला’ हे पद ‘स्वतः’ला आपल्याकडे ओढत नाही. पण ‘सुमनला स्वतःची शाळा आवडते’ यात ‘स्वतः’ म्हणजे सुमनच. प्रत्यय तोच ‘ला’, पण वागणूक कर्त्याची! क्रियापद शाळेप्रमाणे बदलते, ‘स्वतः’ मात्र सुमनकडे वळते. कर्तेपण इथे दोघांत वाटले गेले आहे. ‘मला’ म्हणणाऱ्या मुलीला हेच जाणवलेले असते.

यावरून ‘मराठी माणूस भावनांपुढे निष्क्रिय असतो’ असा निष्कर्ष काढावा का? भाषा विचाराला वळण लावते, ही अमेरिकन अभ्यासक व्होर्फ यांची कल्पना १९४०च्या सुमारास बरीच गाजली. पण जुन्या इंग्रजीतही ‘मला भूक लागते’ अशीच रचना होती. ती बदलली म्हणून इंग्रजांची भूक बदलली नाही. आणि आपण ‘मला राग आला’ म्हणतो, तसेच ‘मी रागावलो’ही म्हणतो. भाषा विचाराला कोंडत नाही, ती पर्याय देते. ‘काच फुटली’ म्हणायचे की ‘मी काच फोडली’, हे मुलांना व्याकरण शिकण्याआधीच पक्के ठाऊक असते!

म्हणून वर्गात ‘कर्ता ओळखा’ एवढ्यावर थांबू नये. ‘हाच कर्ता कशावरून?’ असेही विचारावे. मुलांना पडताळे शोधू द्यावेत, आपापल्या घरच्या भाषेतली वाक्ये आणू द्यावीत. विज्ञानाच्या तासाला आपण निरीक्षणावरून नियम तपासतो. व्याकरणाच्या तासालाही ते करता येते, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.