गुराब आणि ग्रॅब

डॉमिनिक सेरेसने १७५६ची विजयदुर्गची लढाई तैलरंगांत रंगवली. ते चित्र आज ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. पण चित्रकाराची नजर समुद्राकडून, हल्ला करणाऱ्या वॉटसनच्या इंग्रज आरमाराच्या बाजूने लागलेली आहे. विजयदुर्गचे धनी तुळाजी आंग्रे यांच्या बाजूने ते बंदर पाहायचं तर शब्दांचाच आधार घ्यावा लागतो.

पहिला शब्द गुराब, आंग्र्यांचं लढाऊ जहाज. अरबीत गुराब म्हणजे कावळा. चोचीसारखी पुढे आलेली नाळ पाहिली की नाव पटतं. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंतची, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास. तिला पाणी फार लागत नसे, म्हणून मोठी जहाजं अडतील तिथे, खाडीतही ती शिरायची. नाळेकडच्या दोन तोफा थेट समोर मारा करायच्या. वारा पडला की गलबतं तिला दोर लावून ओढत. गलबत हलकं, सत्तर टनांच्या आतलं, पण चाळीस-पन्नास वल्ह्यांचं.

इंग्रज खलाशांच्या तोंडी गुराबचं 'ग्रॅब' झालं, आणि त्यांच्या भाषेत त्या उच्चाराचा अर्थ झडप घालून हिसकावणं. आंग्र्यांना चाचे ठरवणाऱ्यांना हे नाव आयतंच मिळालं. कावळ्याचा लुटारू झाला तो असा, निव्वळ उच्चाराने. मला हा अन्याय वाटतो, कारण इंग्रजी कागदांत तो शब्द वाचणाऱ्याच्या मनात आरोप आधी उमटतो, जहाज नंतर.

१७५६च्या फेब्रुवारीत, त्या लढाईत, आंग्र्यांच्या एका जहाजावर तोफगोळा पडला, आग भडकली आणि एकमेकांना खेटून नांगरलेलं त्यांचं सगळं आरमार जळालं. गुराबा गेल्या, तिथले शब्द मात्र राहिले. आरमार पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आलं, सुकाणू अरबी 'सुक्कान'वरून, बंदर फारसीतून. डोलकाठी मात्र घरची: डोलते ती काठी. नाखवा हा फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. त्यातला 'ना' आणि आपली नाव एकाच कुळातले, त्यामुळे हा पाहुणा मुळात लांबचा नातेवाईकच म्हणायचा. कोळीवाड्यांत नाखवा आजही हाक मारायला वापरतात, आणि काही घरांचं ते आडनावही आहे.