कॉर्टिझोन : एका औषधाचा इतिहास

एखादें औषध नांवारूपास आलें म्हणजे त्याचा जनक कोण, हें विचारण्याची आपणांस संवय असते. देवीच्या लशीला जेन्नर, पेनिसिलिनला फ्लेमिंग, हीं उत्तरें शाळकरी मुलेंही देतात. कॉर्टिझोनच्या बाबतींत मात्र तेंच विचारलें तर जाणताही अडखळेल. कारण त्याची हकीकत जवळजवळ शंभर वर्षांची आहे आणि तींत वैद्य, रसायनज्ञ, खाटिकखाने, रानांतले कंद आणि एक बुरशी, इतक्यांचा वाटा आहे. ही हकीकत जाणून घेण्यास आणखीही एक कारण आहे. ‘स्टेरॉइड’ हा शब्द आतां घरोघरीं ऐकूं येतो. कोणी त्याच्या नांवानें दचकतात, तर कोणी तें दुकानांतून आणून मनास येईल तसें घेतात. भय आणि अविचार या दोहोंचें मूळ पुष्कळदां एकच असतें, तें म्हणजे अज्ञान.

लंडनच्या गाईज् रुग्णालयांतील टॉमस अ‍ॅडिसन या वैद्यानें १८५५ सालीं एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत अकरा रुग्णांची हकीकत होती. हे लोक दिवसेंदिवस खंगत. अन्नावरची वासना उडे, त्वचेवर काळसर झांक चढे, आणि अखेरीस मृत्यु येई. शवविच्छेदन करितां मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीप्रमाणें बसलेल्या दोन चिमुकल्या ग्रंथि विकृत झालेल्या आढळल्या. त्यांपैकीं एकीचें वजन जेमतेम चार-पांच ग्रॅम. त्यांचें कार्य काय, हें तोंवर कोणासच ठाऊक नव्हतें. पुढच्याच वर्षीं ब्राउन-सेकार यानें त्या काढून घेतल्यास प्राणी जगत नाहीं, असें प्रयोगानें दाखविलें. शरीराचा एक भाग रक्तावाटे दुसऱ्या भागास निरोप धाडतो, ही कल्पना स्थिर होण्यास मात्र आणखी अर्धें शतक जावें लागलें. १९०५ सालीं स्टार्लिंग यानें अशा निरोप्या द्रव्यांना ‘हॉर्मोन’ हें नांव दिलें.

या ग्रंथींच्या सालींत काय घडतें, हें आतां आपणांस ठाऊक आहे. तेथील कच्चा माल म्हणजे कोलेस्टेरॉल. आपण ज्याची केवळ धास्ती बाळगतों, तेंच. शरीर तें कर्बाच्या दोन-दोन परमाणूंच्या तुकड्यांपासून रचीत जातें. या रचनेचा उलगडा करणाऱ्या ब्लॉख व लिनेन यांना १९६४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कोलेस्टेरॉलमध्यें कर्बाचे २७ परमाणु असतात. ग्रंथि त्यांतील सहांची शेपटी छाटते व २१ परमाणूंचा सांगाडा ठेवते. मग कोठें प्राणवायु जोडावयाचा, कोठें आणखी कर्ब उडवावयाचा, यावर द्रव्याचे गुण ठरतात. एकाच लगडीपासून सोनारानें पाटल्या, गोठ आणि नथ घडवावी, तसा हा प्रकार आहे. कॉर्टिसॉल रक्तांतील साखर राखतें व दाहाला आवर घालतें. आल्डोस्टेरोन शरीरांतील मीठ सांभाळतें. १९ परमाणूंच्या घडणींतून पुरुषत्वाचीं, तर १८ परमाणूंच्या घडणींतून स्त्रीत्वाचीं द्रव्यें निपजतात. अ‍ॅडिसनचे रुग्ण कां खंगले, हें यावरून समजेल. त्यांचें मीठही सुटत होतें आणि संकटास तोंड देण्याचें बळही.

परंतु हें ज्ञान सहजासहजीं हातीं आलें नाहीं. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें एडवर्ड केंडॉल आणि स्वित्झर्लंडमध्यें टाडेउस रायखस्टाइन हे दोघे १९३० नंतरच्या दशकांत एकमेकांपासून स्वतंत्रपणें या कामास लागले. खाटिकखान्यांतून ग्रंथि मणावारी आणाव्या, तेव्हां कोठें चिमूटभर शुद्ध द्रव्य मिळे. केंडॉलनें तर एका औषधी कंपनीशीं सौदा केला होता : कंपनीनें ग्रंथि पुरवाव्या, त्यानें आंतील गाभ्यापासून अ‍ॅड्रेनालिन काढून द्यावें, आणि उरलेलें साल आपल्या संशोधनास ठेवावें. या सालींतून निघालेल्या द्रव्यांना त्यानें इंग्रजी मुळाक्षरांचीं नांवें दिलीं. त्यांतील ‘ई’ द्रव्य हेंच पुढें कॉर्टिझोन म्हणून विख्यात झालें.

त्याच संस्थेंत फिलिप हेंच नांवाचा संधिवाताचा वैद्य होता. १९२९ सालीं त्याच्या एका रुग्णास कावीळ झाली, आणि आश्चर्य असें कीं, त्याचे आंखडलेले सांधे मोकळे झाले. गरोदरपणांतही संधिवात मागें हटतो, हें त्यानें पुढें पाहिलें. दुसरा एखादा असता तर योगायोग म्हणून सोडून देता. हेंचनें अनुमान बांधलें कीं, अशा वेळीं शरीर स्वतःच एखादें उपकारक द्रव्य निर्माण करीत असावें. १९४१ सालीं त्यानें आणि केंडॉलनें ‘ई’ द्रव्य वापरून पाहण्याचें ठरविलें. पण द्रव्य होतें कोठें? त्या सुमारास महायुद्ध भडकलें होतें. जर्मन वैमानिक या ग्रंथींच्या अर्काच्या बळावर फार उंच उडतात, अशी आवई उठली आणि अमेरिकन सरकारानें या संशोधनास उत्तेजन दिलें. आवई खोटी होती, पण काम खरें झालें. १९४४ च्या अखेरीस मर्क कंपनीच्या ल्यूइस सॅरेट यानें बैलाच्या पित्तापासून, तीसांहून अधिक पायऱ्या चढून, तें द्रव्य अल्पस्वल्प प्रमाणांत तयार केलें.

२१ सप्टेंबर १९४८ रोजीं संधिवातानें जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीस पहिली सुई टोंचण्यांत आली. आठवड्याभरांतच ती आपल्या पायांनीं चालत बाजारांत जाऊन आली! १९४९ च्या एप्रिलांत ही वार्ता जाहीर झाली आणि १९५० चें नोबेल पारितोषिक केंडॉल, रायखस्टाइन व हेंच या तिघांस विभागून मिळालें.

पण एका ग्रॅमला २०० डॉलर पडत असतां तें गरिबास कसें मिळावें? उत्तर मेक्सिकोच्या रानांत होतें. रसेल मार्कर यानें तेथील एका कंदापासून, जो आपल्या कोनफळाच्याच जातकुळींतला आहे, १९४३ सालीं प्रोजेस्टेरोन किलोच्या मापानें तयार केलें. तथापि त्याचें कॉर्टिझोन करण्यास अकराव्या कर्बावर प्राणवायु बसवावा लागे, आणि तेथेंच रसायनज्ञांचे हात टेकत. १९५२ सालीं अपजॉन कंपनीच्या पीटरसन व मरे यांनीं दाखविलें कीं, रायझोपस नांवाची बुरशी हें काम एका पायरींत करते. तेव्हांपासून औषध स्वस्त झालें. रानोमाळ हिंडून कंद खणणाऱ्या मेक्सिकन खेडुतांचीं नांवें मात्र कोणत्याही पारितोषिकाच्या यादींत नाहींत.

इतक्यांत दुसरी बाजूही दिसूं लागली होती. रुग्णांचे चेहरे सुजून वाटोळे झाले, हाडें ठिसूळ झालीं, साखर वाढली, कांहींचीं मनें भ्रमिष्ट झालीं. आणि औषध थांबतांच संधिवात परत आला. हेंचनें स्वतः यास रोगाचा निर्मूलक उपाय म्हटलेंच नव्हतें. कारणही उघड आहे. निरोगी शरीर दिवसाला सुमारें १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल करतें; त्या रुग्णांस १०० मिलिग्रॅम कॉर्टिझोन दिलें जात होतें. शिवाय, बाहेरून पुरवठा होत आहे असें पाहून मेंदूखालची पोषग्रंथि आपला हुकूम आवरते आणि मूत्रपिंडावरील ग्रंथि झोंपीं जाते. म्हणून दीर्घकाळ घेतलेलें औषध एकदम सोडणें हें धोक्याचें. अ‍ॅडिसनच्या रुग्णाची अवस्था आपण होऊन ओढवून घेण्यासारखें तें आहे.

हा धडा आपण पुरता शिकलों आहोंत काय? २०२० सालीं कोविडच्या सांथींत ऑक्सफर्डच्या प्रयोगानें सिद्ध केलें कीं, डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडानें कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यु एक-तृतीयांशानें घटतात. परंतु ज्यांना प्राणवायूची गरज नाहीं, त्यांना कांहीं लाभ होत नाहीं. पहिला अर्धा भाग सर्वांनीं ऐकला, दुसरा थोड्यांनींच. १९२१ नव्हे, २०२१ सालची ही गोष्ट आहे : त्या वर्षीं आपल्या महाराष्ट्रांत आणि इतरत्र ‘काळ्या बुरशी’नें हजारों लोकांना ग्रासलें, कित्येकांचे डोळे व जबडे काढावे लागले. मधुमेह आणि त्यावर स्टेरॉइडांचा बेसुमार वापर, हीं तिचीं मुख्य कारणें ठरलीं. त्या रोगांत बहुधा आढळणारी बुरशी रायझोपसच्याच कुळांतील आहे. जिनें हें औषध गरिबाच्या आटोक्यांत आणून दिलें, तिच्याच.

यांत औषधाचा दोष नाहीं आणि बुरशीचाही नाहीं. शरीर हें द्रव्य मिलिग्रॅमांनीं मोजून, वेळ पाहून आणि गरज ओळखून वापरतें. आपणही तें त्याच हिशेबानें, जाणत्या वैद्याच्या सल्ल्यानें घ्यावें, सोडतांनाही त्याच सल्ल्यानें सोडावें, एवढेंच या शंभर वर्षांच्या श्रमांचें आपल्याकडे मागणें आहे.