झरपट, इरई आणि मागे फिरणारे पाणी

चंद्रपूरच्या स्थापनेची कथा नदीच्या पात्रातच सुरू होते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याची राजधानी तेव्हा बल्लारपूरला होती. शिकारीत तहानलेल्या राजाने झरपटच्या कोरड्या पात्रातील एका खळग्यातले पाणी प्यायले, हातपाय धुतले. अंगावरच्या गाठींनी त्रस्त असलेल्या राजाला त्या रात्री गाढ झोप लागली. गाठी नाहीशा झाल्याचे राणीच्या ध्यानी आले. पुढे त्या जागी अचलेश्वराचे मंदिर उभे राहिले आणि जवळच नवी राजधानी वसली.

ही दंतकथा आहे, पुरावा नव्हे. मात्र तिच्यातील भूगोल अस्सल आहे. शहराच्या पूर्वेस झरपट, पश्चिमेस इरई, आणि दक्षिणेस दोघींचा संगम. चिमूरकडील टेकड्यांतून येणारी इरई पुढे वर्धेला मिळते. वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंचाजवळ, गोदावरीत विलीन होते.

या दोन नद्यांच्या बेचक्यात गोंड राजांनी शहराभोवती दगडी परकोट बांधला. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे. परकोट शत्रूसाठी होता, हे खरेच. परंतु केवळ लष्करी वास्तू म्हणून त्याकडे पाहणे अपुरे ठरते. कारण चंद्रपूरचा पूर बहुधा वरून येत नाही, तो खालून येतो! वर्धा दुथडी भरली की इरईच्या पाण्याला वाट उरत नाही. ते मागे फुगते, झरपटलाही अडवते आणि थेट परकोटापर्यंत पोहोचते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यात धरणाची भर पडली. औष्णिक वीज केंद्रासाठी ताडोब्याच्या वेशीवर इरई अडवण्यात आली. ऐन पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले आणि त्याच वेळी वर्धाही चढलेली असली, तर मधल्या शहराची कोंडी होते. जुलै २०२२ मध्ये इरईकाठच्या रहमतनगरसारख्या वस्त्यांनी हेच अनुभवले.

झरपटची व्यथा निराळी. राणी हिराईने उभारलेल्या महाकाली मंदिराच्या चैत्र यात्रेस मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, हजारो भाविक येतात आणि परंपरेने झरपटमध्ये स्नान करतात. ज्या पाण्याने राजाची व्याधी गेली असे सांगतात, त्यात आता शहराचे सांडपाणी मिसळते. वर जलपर्णीचा हिरवा थर असतो.