बॉनेटखालच्या नळ्यांचा हिशेब

१९७५ च्या सुमारास बनलेल्या अमेरिकी गाडीचं बॉनेट उघडलं, की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काळ्या रबरी नळ्यांचं जंजाळ दिसतं. १९७० च्या क्लीन एअर कायद्यानं हे लोढणं कंपन्यांच्या गळ्यात बांधलं, असं जुन्या गाड्यांचे शौकीन आजही म्हणतात. आरोप अर्धाच खरा आहे. कायद्यानं धुरातले विषारी वायू कमी करायला सांगितलं. नळ्या निवडल्या त्या इंजिनिअरांनी, आणि विचार करून. पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम फुकटात तयार होतो, आणि इंजिनावरच्या भाराप्रमाणे तो कमी-जास्त होतो. ताकद आणि माहिती दोन्ही एकाच नळीतून मिळतात. ताकदीचा वापर जुनाच होता: वायपर याच ओढीवर चालत, आणि चढाला ॲक्सिलरेटर दाबला की भर पावसात मंदावत. माहितीचा खरा उपयोग दिसतो तो १९७३ च्या मॉडेलांपासून सर्रास आलेल्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये. जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडला की ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. पण इंजिन गार असताना हा व्हॉल्व्ह उघडला तर गाडी अडखळते. म्हणून नळीच्या वाटेवर कूलंटच्या उष्णतेनं उघडणारा आणखी एक व्हॉल्व्ह बसवला. ‘इंजिन तापलं असेल आणि थ्रॉटल उघडा असेल, तरच’ हा निर्णय रबरच घेत होतं.

इलेक्ट्रॉनिक्स उपलब्ध होतं ना, असं कुणी विचारेल. होतं, बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शन यंत्रणा १९६७ मध्येच फोक्सवॅगन १६०० वर आली होती. पण ती महाग होती, आणि तिचा मुख्य सेन्सरसुद्धा मॅनिफोल्डला जोडलेला होता तो नळीनंच! कल्पना चुकली नव्हती; दगा दिला रबरानं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन नळी कडक होते आणि बहुधा टोकाशी, निपलवर चढते तिथंच चिरते. गाडी हवा घेऊ लागते, मिश्रण पातळ होतं, आयडल डळमळतो, आणि दोष मात्र कार्ब्युरेटरच्या माथी येतो. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ डिझेलमध्ये दारांची लॉकं आणि इंजिन बंद करण्याची व्यवस्था एकाच व्हॅक्यूम पंपावर होती. दारातली नळी फुटली, तर चावी फिरवूनही इंजिन धडधडत राहू शके.

शोधाची रीत मात्र साधी होती. सुस्थितीतल्या इंजिनाला व्हॅक्यूम गेज लावला, तर समुद्रसपाटीच्या आसपास आयडलला काटा साधारण १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर राहतो. स्थिर पण खाली असेल, तर गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. मग एकेक नळी चिमटीत दाबायची. जिच्यावर आयडल सुधारला, तिच्या वाटेवर भोक. हे न करता कित्येकांनी नळ्या उपटून तोंडात बोल्ट ठोकले. क्लीन एअर कायद्याच्या १९७७ च्या दुरुस्तीनं अमेरिकेत गॅरेजवाल्यांना अशा छेडछाडीची मनाई झाली, यावरूनच तो उपाय किती पसरला असेल ते कळतं. नळ्या रद्दच करायला हव्या होत्या म्हणणाऱ्यांनी १९९६ पासून तिथं सक्तीची झालेली, गाडीतले दोष कोडनं सांगणारी ओबीडी-२ यंत्रणा पाहावी: पी०१७१ हा कोड मिश्रण पातळ झाल्याचं सांगतो, पण हवा नेमकी कुठून घुसते आहे ते हातानंच शोधावं लागतं.