मत्स्यखाद्यात समुद्री शेवाळ : पूरक, पण पूर्ण पर्याय नव्हे

मत्स्यशेतीत निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो. या खाद्यातील प्रथिनांचा पारंपरिक आधार म्हणजे 'फिशमील', अर्थात मासळीची भुकटी. एक किलो भुकटीसाठी साधारण चार ते पाच किलो ताजी मासळी लागते आणि ती तारली, अँकोव्ही यांसारख्या लहान माशांपासून बनते. म्हणजे तळ्यातील मासे पोसण्यासाठी समुद्रातील मासेच खर्ची पडतात. २०२३ मध्ये एल निनोच्या प्रभावामुळे पेरूने अँकोव्ही मासेमारीचा पहिला हंगाम रद्द केला, तेव्हा हे परावलंबित्व ठळकपणे समोर आले. त्यामुळे शेवाळाच्या पर्यायाकडे अभ्यासकांचे लक्ष आहे.

शेवाळाला शेतजमीन, गोडे पाणी वा रासायनिक खत लागत नाही. हिरव्या 'अल्व्हा' शेवाळाच्या सुक्या भुकटीत साधारण १० ते २५ टक्के प्रथिने असतात. 'पोर्फायरा'सारख्या लाल शेवाळात हे प्रमाण बरेच जास्त आढळते, तर तपकिरी शेवाळात कमी. खनिजे व रंगद्रव्ये हा अधिकचा लाभ. शेवाळातील चिकट घटकांमुळे खाद्याच्या गोळ्या पाण्यात लवकर विरघळत नाहीत.

मर्यादा कोणत्या?

मासळीच्या भुकटीत ६० ते ७० टक्के प्रथिने असतात. त्यामुळे शेवाळ तिची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. शेवाळातील गुंतागुंतीची कर्बोदके माशांना सहज पचत नाहीत. जिताड्यासारख्या मांसाहारी माशांना ही अडचण अधिक जाणवते. तिलापियासारखे मासे ते तुलनेने बरे पचवतात. म्हणूनच खाद्यात साधारण ५ ते १० टक्के शेवाळ मिसळणे सुरक्षित मानले जाते. प्रमाण फार वाढल्यास माशांची वाढ खुंटू शकते. 'सरगॅसम'सारख्या तपकिरी शेवाळात आर्सेनिक साठण्याची शक्यता असल्याने तपासणी आवश्यक ठरते. शिवाय ताज्या शेवाळात ८० ते ९० टक्के पाणीच असते. वाळवणीचा खर्च त्यामुळे वाढतो.

सांडपाण्यातून खाद्य

दक्षिण आफ्रिकेतील अबॅलोन शिंपल्यांच्या शेतीत या प्रश्नावर वेगळा मार्ग निघाला. शिंपल्यांच्या टाक्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अल्व्हा वाढविले जाते. ते पाण्यातील नत्र शोषून घेते, स्वतः अधिक प्रथिनयुक्त होते आणि ताजेच शिंपल्यांना खाऊ घातले जाते. त्यामुळे वाळवणीचा खर्च वाचतो.

भारतात तमिळनाडूतील मंडपम परिसरात बांबूच्या तराफ्यांवर 'कप्पाफायकस'ची लागवड होते. मात्र ते मुख्यतः कॅराजीनन उद्योगाकडे जाते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शेवाळशेतीसाठी तरतूद करण्यात आली. रत्नागिरी व सिंधुदुर्गाच्या खडकाळ किनाऱ्यावरही अल्व्हा व सरगॅसम आढळतात. तथापि नैसर्गिक शेवाळ ओरबाडल्यास लहान माशांचा आसराच नष्ट होईल. मासळी वाचविण्यासाठी शेवाळ वापरायचे, तर ते लागवडीचेच असावे.