यजमानाच्या घरची भाषा

मेक्सिको देशाच्या राजधानीपासून दक्षिणेस सुमारे ८५ किलोमीटर अंतरावर क्वेर्नावाका नावाचे शहर आहे. स्पॅनिश भाषेत या नावाचा अर्थ 'गाईचे शिंग' असा होईल. वास्तविक या शहराचा गाईशी संबंध नाही आणि शिंगाशीही नाही. मूळ रहिवाशांच्या नावात्ल भाषेत त्याचे नाव 'क्वाउनावाक', म्हणजे झाडांच्या सान्निध्यातील गाव, असे होते. सोळाव्या शतकात आलेल्या स्पॅनिश विजेत्यांना ते नाव उच्चारता येईना, म्हणून स्वतःच्या भाषेत त्याला जवळचा जो ध्वनी सापडला, तो त्यांनी त्या गावाला चिकटवून दिला. आपल्या वसईचे पोर्तुगीजांनी 'बसाईं' आणि इंग्रजांनी 'बॅसीन' केले, त्यातलाच हा प्रकार. सत्ता घेऊन आलेला माणूस ऐकण्याची तसदी घेत नाही. ज्याचे घर आहे, त्यालाच मग आपल्या घराचे नवे नाव शिकावे लागते.

परंतु त्याच काळात, त्याच भूमीवर, ऐकण्याची तसदी घेणारेही काही जण आले होते. १५२४ साली बारा फ्रान्सिस्कन व्रतस्थ मेक्सिकोत पोहोचले. त्यांच्याजवळ ना व्याकरण होते, ना शब्दकोश. तेव्हा प्रौढपणाचा मान बाजूला ठेवून ते मुलांमध्ये बसू लागले. खडे आणि काड्या घेऊन ते त्यांच्याशी खेळत, एखादा शब्द कानी पडला की टिपून घेत आणि सायंकाळी आपापली टिपणे एकमेकांना दाखवीत. पुढे त्यांना एक स्पॅनिश मुलगा मिळाला. विधवा आईचा हा मुलगा शेजारच्या स्थानिक मुलांबरोबर खेळता खेळता नावात्ल बोलू लागला होता. तो व्रतस्थांबरोबर राहू लागला, त्यांचा दुभाषी झाला आणि त्यांना भाषा शिकवू लागला. हाच पुढे फ्रान्सिस्कन झालेला आलोन्सो दे मोलिना. १५५५ साली त्याचा स्पॅनिश-नावात्ल शब्दकोश छापून प्रसिद्ध झाला. त्या थोर ग्रंथाचे मूळ असे अंगणातल्या खेळात होते.

या घटनेनंतर चारशे वर्षांनी, विसाव्या शतकात, क्वेर्नावाकाने भाषाशिक्षणाच्या इतिहासात पुन्हा स्थान मिळवले. १९६१ साली पोप जॉन तेविसावे यांच्या काळात रोमकडून उत्तर अमेरिकेतील व्रतस्थ संस्थांना आवाहन झाले की, त्यांनी दहा वर्षांत आपले दहा टक्के सदस्य लॅटिन अमेरिकेच्या सेवेसाठी पाठवावेत. उत्साह दांडगा होता. भाषा मात्र येत नव्हती. त्याच वर्षी फादर इव्हान इलिच यांनी क्वेर्नावाका येथे मिशनऱ्यांसाठी एक प्रशिक्षण केंद्र उघडले. व्हिएन्नात जन्मलेले इलिच न्यूयॉर्कच्या एका धर्मग्रामात पोर्तो रिकोहून आलेल्या गरीब स्थलांतरितांमध्ये काम करून आले होते. क्वेर्नावाकाचे बिशप सर्जिओ मेंडेस आर्सेओ यांचा त्यांना पाठिंबा होता. हेच केंद्र पुढे 'सिडोक' या नावाने जगभर ओळखले गेले.

तेथील शिक्षणक्रम कडक होता. तीन-चार विद्यार्थ्यांचा गट आणि समोर एक स्थानिक मेक्सिकन शिक्षक. रोज कित्येक तास एकच वाक्य फिरवून फिरवून म्हणायचे, आणि असे सुमारे चार महिने. ज्या धर्मगुरूने मायदेशी अस्खलित प्रवचने दिली होती, ज्या सिस्टरने शाळा चालवली होती, त्यांना इथे पाणी मागतानाही अडखळावे लागे. इलिच यांना नेमके हेच हवे होते. प्रौढ माणसाला आपली दुर्बलता आणि दुसऱ्याच्या सद्भावनेवरचे आपले अवलंबित्व अनुभवण्याची संधी क्वचितच मिळते. परकी भाषा शिकणे ही तशी संधी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शब्दांइतकेच लोकांचे मौनही शिकावे लागते, असेही ते सांगत.

वर्गात वाक्ये येतात. मौन मात्र घरात राहूनच कळते. म्हणून क्वेर्नावाकात विद्यार्थ्यांनी मेक्सिकन कुटुंबात राहण्याची जी प्रथा रुजली, ती केवळ निवासाची सोय नव्हती. मेक्सिकन गृहस्थ आपल्या घराचा पत्ता सांगताना 'तुमचे घर अमुक रस्त्यावर आहे' असे म्हणतो. नवखा पाहुणा गोंधळतो: माझे घर इथे कुठून आले? व्याकरण जाणणारा शिक्षक याचे स्पष्टीकरण देईल. पण त्यातील अगत्य त्या घराच्या उंबरठ्यावरच उमजते. स्पॅनिशमध्ये 'तू' म्हणजे आपला 'तू'च, आणि मानाने बोलायचे तर 'उस्तेद'. आजीबाईंना काय म्हणायचे, धाकट्या मुलीला काय म्हणायचे आणि आजीबाई स्वतः परवानगी देईपर्यंत किती दिवस थांबायचे, हे घरातल्या वागण्यातूनच समजते. आईची हाक आली की मुले 'मांदे', म्हणजे 'आज्ञा करावी', असे उत्तर देतात. दुपारी दोन-तीनच्या पुढे मुख्य जेवण होते. ताटे रिकामी झाली तरी कोणी उठत नाही. गप्पा चालूच राहतात. या जेवणानंतरच्या बैठकीला स्पॅनिशमध्ये स्वतंत्र शब्द आहे: 'सोब्रेमेसा'. भाषा शिकणाऱ्यासाठी त्याहून चांगली शाळा नाही, कारण तिथे कोणी त्याच्यासाठी सावकाश बोलत नाही.

इलिच यांचा स्वभाव मात्र तडजोडीचा नव्हता. परदेशी मदतीबरोबर परदेशी वर्चस्वही येते, अशी टीका त्यांनी १९६७ साली जाहीरपणे केली. १९६८ साली अमेरिकन तरुण स्वयंसेवकांपुढे त्यांनी स्पष्ट सांगितले की, पाहायला या, शिकायला या. परंतु उपकार करायला येऊ नका. त्याच वर्षी त्यांना रोममध्ये चौकशीला जावे लागले. १९६९ च्या जानेवारीत धर्मगुरू व व्रतस्थांना या केंद्रात जाण्यास मनाई झाली. काही महिन्यांनी ती सैल करण्यात आली, पण इलिच यांनी धर्मगुरूपदाचे कार्य थांबवले ते कायमचेच. १९७६ मध्ये केंद्र बंद झाले. त्यांच्या बोलण्यातली धार काहींना आजही टोचते. तथापि तेथील शिक्षकांनी पुढे स्वतःच्या शाळा काढल्या, आणि कुटुंबात राहून स्पॅनिश शिकण्यासाठी क्वेर्नावाका प्रसिद्ध झाले.

या शहराच्या कॅथेड्रलमध्ये आपल्या जिव्हाळ्याची एक गोष्ट आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बिशप मेंडेस आर्सेओ यांनी त्या प्राचीन मंदिराचा जीर्णोद्धार केला, तेव्हा चुन्याच्या थरांखालून भव्य भित्तिचित्रे उघडी पडली. चित्रांचा विषय होता ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर दिलेले सव्वीस हुतात्मे. त्यांत मेक्सिकोचे संत फेलिपे आहेत, आणि वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सियाही त्यांच्यातलेच. गोन्सालो कोवळ्या वयात जपानला गेले आणि तिथल्या लोकांत राहून जपानी शिकले. पुढे मनिला येथे ते स्पॅनिश फ्रान्सिस्कनांच्या मठात दाखल झाले. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून त्यांच्यासोबत वसईचा हा ब्रदर होता. स्पॅनिश शिकायला आलेले कितीतरी मिशनरी या भिंतींखाली मिस्सेला बसले असतील. परक्यांची भाषा आपलीशी करून तिच्यासाठी प्राणाचे मोल देणारा एक वसईकर त्या कथेत आहे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

शिष्यांना पाठवताना प्रभूने त्यांना बजावले होते की, जे घर स्वागत करील तिथेच राहावे, पुढे वाढले जाईल ते खावे, घरे बदलत फिरू नये. देण्याआधी घ्यायला शिका, असाच त्या आज्ञेचा रोख दिसतो. क्वेर्नावाकातील पाहुणा यजमानाला पैसे देतो हे खरे. पण त्या घरात तो मुलांहूनही लहान असतो. मुले त्याच्या चुकांना हसतात आणि आजीबाई त्याचे शब्द सुधारतात.

मात्र या चित्राची दुसरी बाजू विसरता कामा नये. हा पाहुणा आपखुशीने मुका झालेला असतो. चार महिन्यांनी तो आपल्या भाषेत परततो. त्याच मेक्सिकोतून उत्तरेकडे कामासाठी जाणाऱ्या मजुराला मात्र शेतात आणि हॉटेलांच्या भटारखान्यात इंग्रजी शिकावी लागते. चुकलेला शब्द मायेने सुधारणारे यजमान कुटुंब त्याला कोण देणार? आपल्या गावांतही कामासाठी दूरदेशाहून आलेली माणसे मिस्सेला शेवटच्या बाकावर बसतात. ती आपली भाषा शिकतात, कारण त्यांना शिकावीच लागते. त्यांच्या भाषेतला एखादा शब्द आपल्यापैकी कोणी शिकला आहे काय? जेवण झाल्यावर त्यांच्यासोबत घटकाभर बसलेले घर आपल्या धर्मग्रामात किती सापडतील, हे आपण मोजून पाहावे.